सतरा दिवसांचा पाऊस

रनाळ्यात चुडामण पाटलांनी, म्हणजे नानांनी, जन्मभर शेती केली, पण गावानं त्यांना नाव दिलं ते ‘पावसाचा तलाठी’. चावडीमागच्या मोकळ्या जागेत तारेचं कुंपण घालून सरकारी खात्यानं पाऊस मोजायचं भांडं बसवलं होतं. रोज सकाळी साडेआठला ते उघडायचं, आत जमलेलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, मापावरची रेघ वाचायची आणि आकडा वहीत लिहायचा, हे काम १९९० सालापासून २०१८ पर्यंत नानांकडे होतं. महिना संपला की त्या आकड्यांचा तक्ता खात्याकडे जायचा आणि वहीची प्रत नानांच्या पत्र्याच्या पेटीत. काम पाच मिनिटांचं, पण नानांनी त्याचं प्रस्थ असं काही माजवलं होतं की घरच्यांना पुरे पुरे व्हायचं. मेव्हण्याच्या लग्नात हळद लागत असताना हा माणूस मांडवातून गायब. सगळे शोधताहेत, आणि हा कोरड्या ठणठणीत फेब्रुवारीत भांडं उघडून आत डोकावतोय.

कोरड्या दिवशीसुद्धा बघायचंच, असा त्यांचा नेम होता. पाणी नसेल तर नाही असं लिहायचं, पण ते डोळ्यांनी बघून लिहायचं, घरी बसून नाही. चावडीवरची रिकामटेकडी मंडळी उन्हाळ्यात मुद्दाम विचारायची, “नाना, आज कितलं ऊन मोजं?” नाना उत्तर देत नसत. ज्याला मोजमापाची चाड नाही त्याच्याशी काय बोलायचं, असा त्यांचा चेहरा असायचा. आणि खरं सांगायचं तर थोडी घमेंडही होती. घमेंड करावी असं या माणसाकडे आयुष्यात दुसरं फारसं काही नव्हतंच.

२०१८ साली खात्यानं खांबावर आपोआप मोजणारं यंत्र बसवलं आणि नानांना हात जोडून निरोप दिला. अठ्ठावीस वर्षांच्या अठ्ठावीस वह्या पेटीत राहिल्या. त्या कुणी मागितल्या नाहीत. मुलगा भूपेश सुरतेला नोकरीला लागलेला. तो दिवाळीला आला की म्हणायचा, रद्दीत घाला. नाना पेटीला कुलूप लावून चावी जानव्यासारखी गळ्यात वागवायचे.

गेल्या वर्षी गावातल्या शाळेत रुचिका मॅडम आल्या. ब्राह्मणपुरीच्या पाटलांची मुलगी, वय जेमतेम सत्तावीस, आठवीला गणित आणि विज्ञान. पुस्तकातल्या आलेखांवर त्यांचा राग होता. कुठल्या तरी रमेशनं सोमवारी किती पेरू विकले, मंगळवारी किती, असल्या आकड्यांचे आलेख काढून मुलांना काय कळणार, असं त्या शिक्षकांच्या खोलीत बोलून दाखवायच्या. खरे आकडे हवेत, खऱ्या माणसानं मोजलेले, ज्यात चुका असतील आणि राहून गेलेले दिवस असतील. शिपायानं सांगितलं, मग चुडामण नानांकडे जा, त्यांच्याकडे पेटीभर आहेत.

मॅडम घरी आल्या तेव्हा नानांना काय करू आणि काय नको असं झालं. पेटी ओसरीवर आली. एकेक वही काढून ते तिच्यावरून हात फिरवत आणि मॅडमच्या पुढ्यात ठेवत. नव्वद, एक्याण्णव, ब्याण्णव. वयाची साठी उलटलेला हा माणूस त्या सकाळी शाळकरी पोरासारखा बोलत सुटला होता. असं करत दोन हजारची वही आली आणि हात थांबला. पुढची वही त्यांनी काढली नाही. तिच्या खालच्या काढल्या. मॅडमच्या लक्षात आलं नाही, पण शोभाबाईंच्या आलं.

शोभाबाई म्हणजे नानांची बायको. चहा घेऊन आल्या होत्या. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण त्या वहीचं निळं कव्हर त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांनी ट्रे खाली ठेवला, पेटीत हात घातला आणि २००१ ची वही स्वतः मॅडमच्या हातात दिली. “ह्या वहीमा मन्हा बी सतरा दिन शेतस, मॅडम,” त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडावर असा अभिमान होता की नानांनी खाली मान घातली आणि चहा बशीत ओतून घेतला.

त्या सतरा दिवसांचं सांगायलाच हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

२००१ च्या ऑगस्टमध्ये नानांची मुलगी स्वप्नाली नऊ वर्षांची होती. ताप आला, दोन दिवसांत मान ताठ झाली, डॉक्टरांनी मेंदूज्वर सांगितला आणि धुळ्याला न्या म्हणाले. भूपेश तेव्हा चार वर्षांचा, गोठ्यात दोन म्हशी, त्यामुळे शोभाबाईंना घर सोडता येईना. नऊ तारखेला उजाडताच नाना पोरीला जीपमध्ये घेऊन निघाले. निघता निघता, अशा वेळीसुद्धा, त्यांना भांड्याची आठवण झाली. “साडेआठले पाणी काढजो, इसरू नको,” एवढंच ते बायकोला म्हणाले आणि जीप गेली.

शोभाबाईंनी पाणी काढलं. पण मापावरच्या बारीक रेघा त्यांना वाचता येत नव्हत्या आणि पुढे काय करायचं ते नवऱ्यानं सांगितलं नव्हतं. शेजाऱ्यांच्या पोराला विचारावं, तर हे काम सरकारी, उगाच दुसऱ्याच्या हाती कशाला द्या. मग त्यांनी आपल्या डोक्यानं मार्ग काढला. त्या दिवसाचं पाणी त्यांनी एका बाटलीत भरलं, घट्ट बूच लावलं आणि गळ्याला दोरा बांधून एक गाठ मारली. दुसऱ्या दिवशी दुसरी बाटली, दोन गाठी. खोकल्याच्या औषधाच्या, गोडेतेलाच्या, शेजारणीकडून मागून आणलेल्या, अशा बाटल्या मागच्या खोलीत ओळीनं लागत गेल्या. नवरा घरी आला की मापात ओतेल आणि लिहील, इतका साधा हिशेब. ज्या दिवशी भांडं कोरडं निघालं त्या दिवशी त्यांनी रिकामी बाटली ठेवली, तिलाही गाठी मारल्या. पेटीभर वह्या भरणाऱ्या नवऱ्यापेक्षा त्या बाईनं काम चोख केलं होतं, हे मी पैजेवर सांगेन.

पंचवीस तारखेला पहाटे स्वप्नाली गेली. दुपारी नाना तिला घेऊन परत आले.

दिवस झाले, पाहुणे पांगले, शोभाबाईंना भाऊ चार दिवस माहेरी घेऊन गेला. महिन्याचा तक्ता पाठवायचा होता. नाना मागच्या खोलीत गेले आणि त्यांना त्या बाटल्या दिसल्या. सतरा बाटल्या, पुसून, ओळीनं मांडलेल्या. कशाच्या आहेत ते त्यांना गाठी बघून लगेच समजलं. आणि त्यांना राग आला. पोर तिकडे तडफडत होती आणि ही इथे पाणी जपत बसली होती, असा तो राग. तो अन्यायाचा होता, त्यांनीच सांगितलेलं काम तिनं केलं होतं, पण दुःखातल्या माणसाला न्याय सुचत नाही. त्यांनी एकेक बूच काढलं आणि सगळं पाणी परसातल्या लिंबाच्या बुडाशी ओतून दिलं. मग वही उघडली. आदल्या वर्षीची वही शेजारी ठेवली आणि नऊ ते पंचवीस ऑगस्टचे सतरा आकडे तिकडून इकडे उतरवून काढले.

माहेराहून आल्यावर शोभाबाईंनी एकदाच विचारलं, “लिखं का?” नाना म्हणाले, “लिखं.” शोभाबाईंनी मान डोलावली. त्यानंतर पोरीचा विषय त्या घरात निघेनासा झाला. पण ते सतरा दिवस शोभाबाई कधीमधी बायकांत सांगायच्या. नवरा दवाखान्यात होता तेव्हा सरकारचा पाऊस मी मोजला, एक दिवस चुकवला नाही. त्या वाईट महिन्यात आपल्या हातून काहीतरी नीट झालं, एवढाच त्यांना आधार होता. नाना ऐकून उठून जायचे. तेवीस वर्षं हे असं चाललं.

आता त्या वह्या शाळेत गेल्या. नानांना वाटलं होतं, पोरं चार आलेख काढतील आणि विसरतील. इतक्या आकड्यांत सतरा कुणाला दिसणार आहेत. पण रुचिका मॅडम विसरू देणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिलं: कुणी मोजलं, कशानं मोजलं, कधी मोजलं. आकडा समोर आला की आधी हे तीन प्रश्न, मग बेरीज-वजाबाकी. नानांना त्यांनी वर्गात बोलावलं, भांडं आणि माप घेऊन. मग दर शुक्रवारी बोलवायला लागल्या. नाना इस्त्रीचा सदरा घालून जात. पाणी मापात ओतल्यावर रेघ डोळ्यांच्या पातळीला आणून वाचायची, वरून वाचली तर चुकते, हे त्यांनी चाळीस पोरांकडून एकेक करून घोटून घेतलं. पोरं त्यांच्याभोवती गोळा व्हायची. मरणाच्या आधी आपलं काम कुणाच्या तरी कामी आलं, असं ते घरी येऊन शोभाबाईंना सांगायचे आणि त्या हसायच्या. किती वर्षांनी त्या घरात हसणं ऐकू आलं होतं.

श्रावणात पोरं एकदा घरी आली. शोभाबाईंनी त्यांना शेंगदाण्याचे लाडू दिले आणि आपले सतरा दिवसही सांगितले. बाटल्यांचं नाही सांगितलं. फक्त, तेवढे दिवस मी मोजले, असं. पोरांनी वहीत समासात लिहून घेतलं: कुणी मोजलं, आजीनं.

सप्टेंबरच्या शेवटी मॅडमनी छोटा कार्यक्रम ठेवला. मुलांचे आलेख भिंतीवर लावायचे आणि नानांना शाल-श्रीफळ द्यायचं. शोभाबाईंनाही आग्रहानं बोलावलं. त्या ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसून आल्या आणि पुढच्या बाकावर, नानांच्या शेजारी, पदर सावरून बसल्या.

एकेका वर्षाचा ऑगस्ट एका-दोघा पोरांना वाटून दिलेला होता. भूमिकेकडे २००१, तिच्या शेजारच्या भाग्येशकडे २०००. ही भूमिका ट्रॅक्टर चालवणाऱ्याची मुलगी, बोलायला कमी आणि बघायला तयार. कुठल्या वर्षी पाऊस जास्त, ते बघायला तिनं आपला पातळ कागद भाग्येशच्या कागदावर ठेवला आणि दोन्ही मिळून खिडकीच्या काचेला लावले. महिन्याच्या सुरुवातीला दोन रेषा वेगळ्या चालल्या होत्या. नऊ तारखेपासून त्यांची एकच रेषा झाली. पंचवीसपर्यंत एकच, मग पुन्हा फुटली.

तिनं दोनदा बघितलं, वह्या आणून आकडे ताडले, आणि भरल्या वर्गात विचारलं, “मॅडम, दोन्ही वरीसले पाणी सारखंच कसं पडनं?”

मॅडमनी कागद हातात घेतले. त्यांना एका क्षणात कळलं, आणि त्यांनी ते पटकन खाली ठेवले. नंतर बघू, असं काहीतरी म्हणाल्या. पण त्यांनीच लावलेली सवय, ती आता त्यांच्या हातात राहिली नव्हती. भाग्येशनं समास वाचला आणि म्हणाला, “ते दिन तं आजीना शेतस.”

वर्ग शोभाबाईंकडे बघायला लागला. आजीला वाचता येत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हा आजीनं काय केलं असेल, याचा अंदाज चाळीस पोरांनी आपापल्या मनात करून टाकला. शोभाबाईंना आधी काही उमगेना. मग भूमिकेनं बोटानं दाखवत, हळू आवाजात, समजावून सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. मी तर रोज जात होते, असं त्या दोनदा पुटपुटल्या आणि नवऱ्याकडे वळल्या. तुम्ही सांगा ना, असं ते बघणं होतं.

गप्प राहणं सोपं होतं. बायकोला रेघा वाचता आल्या नाहीत, घोळ झाला असेल, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. शाल खुर्चीवर घडी करून ठेवलेली होती. नानांनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि ते उठून उभे राहिले. बाकाला हात टेकवून बोलले, आणि शाळेत नेहमी पुस्तकी मराठी बोलणारा हा माणूस त्या वेळी घरच्या बोलीत बोलला.

“तिनी नही. ते मी लिखेल शे. मांगला वरीसनं देखीसन.”

शोभाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. “मंग मन्हं पाणी?” त्यांनी विचारलं.

“वती दिधं,” नाना म्हणाले.

मग त्यांनी पोरांना सगळं सांगितलं. जीप, बाटल्या, गाठी, लिंबाचं झाड. मोडत मोडत सांगितलं. मधे मॅडमनी पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. माझ्या बायकोनं चोख मोजलं होतं आणि खोटं मी लिहिलं, हे समासात दुरुस्त करा, असं त्यांनी शेवटी भाग्येशला सांगितलं. भाग्येशनं खोडरबर काढलं. नाना म्हणाले, खोडायचं नाही, रेघ मारायची आणि वर लिहायचं. वहीचा तोही नेम होता.

मॅडमचे डोळे भरून आले होते, पण त्या शिक्षिका होत्या आणि पोरं समोर होती. त्यांनी फळ्याकडे तोंड करून सांगितलं की ते सतरा आकडे आपण आलेखातून काढू. ती जागा मोकळी सोडायची. माहीत नाही ते माहीत नाही म्हणून सोडणं, हेही मोजण्यातलंच काम आहे. पोरांनी माना डोलावल्या. भूमिकेनं पट्टी घेतली आणि नऊ तारखेपासून रेषा तोडायला सुरुवात केली.

“माले म्हाईत शे,” शोभाबाई म्हणाल्या.

त्यांचा आवाज इतका सपाट होता की भूमिकेचा हात थांबला. मिलिमीटर मला सांगता येणार नाहीत, त्या म्हणाल्या, पण पडला की नाही ते सांगते. आणि त्या बोटांवर सांगायला लागल्या. पहिले दोन दिवस झिमझिम. अकराला गोठा गळला, म्हशी रात्रभर उभ्या. पंधरा तारखेला पोरं झेंडावंदन करून भिजत आली, भूपेशला त्या रस्त्यापर्यंत आणायला गेल्या होत्या. सोळा, सतरा कोरडे. पोळ्याच्या दिवशी बैल चिखलातून मिरवले. त्या एकेक दिवस सांगत होत्या आणि भूमिका लिहीत होती. नाना उभेच होते. यातलं त्यांना काहीच माहीत नव्हतं. तेवीस वर्षांत त्यांनी बायकोला, त्या दिवसांत तू इथे कशी होतीस, असं विचारलं नव्हतं, आणि आता ती ते त्यांना सांगत नव्हती, एका आठवीतल्या मुलीला सांगत होती.

पंचवीस तारीख आली. वहीत तिथे एकतीस मिलिमीटर होते. बाकीचे सोळा आकडे खोटे आहेत हे नाना जाणून होते, पण हा एक त्यांना कधी खोटा वाटला नव्हता. धुळ्याला त्या पहाटे दवाखान्याच्या व्हरांड्यात ते उभे होते तेव्हा समोर पाऊस धो धो कोसळत होता. त्यांच्या मनात तो सगळीकडेच कोसळत होता.

“पंचवीसले पाणी नही व्हतं,” शोभाबाई म्हणाल्या. भूमिकेनं पेन्सिल थांबवून त्यांच्याकडे बघितलं. नक्की का, असं तिला विचारायचं होतं, आणि ते विचारायला तिला मॅडमनीच शिकवलं होतं. पण तिनं विचारलं नाही. शोभाबाईंनी आपणहून सांगितलं.

“आदला दिन निरोप व्हता, ताप उतरना, पोर बरी शे म्हनून. सकायले मी स्वप्नालीना समदा कपडा धोयेल व्हतात. गाडी उनी तवलोंग सुकेल व्हतात.”

नाना खाली बसले. त्यांना ते कपडे आठवेनात. गोठ्याच्या खांबापासून घराच्या दारापर्यंत तेव्हा दोरी असायची, अंगणात शिरलं की तिच्याखालून वाकूनच जावं लागायचं. त्या दुपारी ते पोरीला उचलून तिथूनच आत गेले होते, आणि वर काय वाळत होतं ते त्यांनी बघितलं नव्हतं.